विम्याचा अर्ज आणि रोग्याचे गुपित

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. या निर्णयामागील मागणीचा एक धागा नागपूरशी जोडलेला आहे. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २८ जुलै २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना जे पत्र लिहिले, त्याला नागपूर विभागातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने दिलेल्या निवेदनाचा आधार होता. कर गेला, हप्ता तेवढ्यापुरता हलका झाला आणि आजवर विम्यापासून दूर राहिलेला शिक्षक, कारकून, लहान दुकानदार आता प्रस्ताव अर्ज हाती घेऊ लागला, तर ते स्वागतार्हच आहे. कारण धंतोली-रामदासपेठेतील एखाद्या खासगी रुग्णालयाचे आठ दिवसांचे बिल मध्यमवर्गीय कुटुंबाची आठ वर्षांची शिल्लक संपवू शकते, हे नागपूरकराला कोणी सांगावयास नको.

परंतु या साऱ्या चर्चेत एका गोष्टीचा उल्लेख कोठेच झाला नाही. विम्याची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही. हप्त्याबरोबर अर्जदाराला आणखी काही द्यावे लागते, आणि ते म्हणजे स्वतःच्या शरीराचा व मनाचा आजवरचा इतिहास. हप्ता वर्षभराने पुन्हा भरता येतो किंवा बंद करता येतो. एकदा दिलेला हा इतिहास मात्र परत घेता येत नाही. तेव्हा तो कोणी, किती आणि कोणत्या अटींवर मागावा, हा प्रश्न कराच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रस्ताव अर्जाच्या शेवटी, सहीच्या जागेच्या वर, बारीक अक्षरांत एक घोषणापत्र असते. त्याचा आशय साधारणतः असा असतो की, अर्जदारावर आजवर केव्हाही उपचार केलेल्या कोणत्याही डॉक्टरकडून वा रुग्णालयाकडून, आजच्या अथवा पूर्वीच्या नोकरीतील मालकाकडून, तसेच ज्या ज्या विमा कंपनीकडे त्याने अर्ज केला असेल तिच्याकडून त्याच्या प्रकृतीविषयीची माहिती मिळविण्यास तो संमती देत आहे. आणि ही माहिती प्रस्तावाच्या व दाव्याच्या कामासाठी इतरांस देण्यासही त्याची हरकत नाही. येथे ‘केव्हाही’ आणि ‘कोणत्याही’ हे दोन शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. घराच्या भाडेकरारात कोणी ‘घरमालकाने केव्हाही कोणतीही खोली उघडून पाहावी’ असे कलम घातले, तर आपण सही करण्यापूर्वी दहादा विचार करू. येथे आपण एजंटाने पेन्सिलीने केलेल्या फुलीवर निमूटपणे सही करतो.

कंपनीची बाजू

विमा कंपन्यांचीही एक बाजू आहे आणि ती दुबळी नाही. विम्याचा करार हा परमविश्वासाचा करार मानला जातो. अर्जदाराच्या प्रकृतीचे ज्ञान अर्जदारालाच असते. कंपनी अंधारात असते. ज्याला आपला आजार ठाऊक आहे त्याने तो लपवून विमा घेतला, तर त्याच्या उपचाराचा भार शेवटी प्रामाणिकपणे हप्ते भरणाऱ्या इतरांवरच पडतो. हप्ते वाढतात, निरोगी माणसे बाहेर पडतात आणि हप्ते आणखी वाढतात. या दुष्टचक्रातून विम्याची मूळ कल्पनाच मोडीत निघते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका मेडिक्लेम प्रकरणात मूत्रपिंडाचा विकार व मधुमेह लपविणाऱ्याचा दावा नाकारणे योग्य ठरविले, ते याच तत्त्वावर. तेव्हा ‘माझ्या आजाराशी कंपनीला काय करावयाचे आहे?’ असा सवाल कोणी करील, तर तो टिकणारा नाही.

पण प्रामाणिकपणाचे हे तत्त्व दोन्ही बाजूंना लागू आहे. त्याच न्यायालयासमोर डिसेंबर २०२१ मध्ये दुसरे एक प्रकरण निकाली निघाले. अमेरिकेच्या प्रवासापूर्वी एका गृहस्थाने विमा घेतला. आपल्याला मधुमेह आहे हे त्याने अर्जात सांगितले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तपासणीही झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला. रक्तातील चरबीसाठी घेत असलेल्या गोळ्यांचा उल्लेख केला नाही, या कारणावरून कंपनीने दावा फेटाळला. न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले नाही. अर्जातील प्रश्न स्पष्ट असले पाहिजेत. एखादा रकाना कोरा राहिला असेल तर तो भरून घेणे कंपनीचे काम आहे. आणि हप्ता स्वीकारून पॉलिसी दिल्यानंतर, दाव्याच्या वेळी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. यातून एक नियम सरळ निघतो. जे विचारले त्याचे खरे उत्तर द्यावे, हे अर्जदाराचे कर्तव्य. आणि जे हवे ते नेमके विचारावे, हे कंपनीचे. सर्व दारांच्या किल्ल्या एकाच सहीत मागून घेणे हे नेमके विचारणे नव्हे.

शिवाय काही प्रश्न असे असतात की ते विचारूच नयेत. आयुर्विमा महामंडळाने नोकरीसाठी उमेदवार स्त्रियांकडून भरून घेतलेल्या एका घोषणापत्रात मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांविषयीचे रकाने होते. त्यातील एका उत्तरावरून एका तरुणीला परिवीक्षेच्या काळात नोकरीतून कमी करण्यात आले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घेण्याचा आदेश दिला आणि स्त्रीच्या लज्जेला व आत्मसन्मानाला बाध आणणारे ते रकाने काढून टाकावेत असे महामंडळास सुनावले. ते प्रकरण नोकरीचे होते, विम्याच्या पॉलिसीचे नव्हते, हे खरे. पण छापील अर्जात रकाना आहे एवढ्यावरून तो विचारण्याचा अधिकार सिद्ध होत नाही, हा त्याचा बोध विम्याच्या अर्जालाही तितकाच लागू पडतो.

विदर्भाचा खास प्रश्न

हा विषय विदर्भात केवळ तात्त्विक नाही, याचे कारण सिकलसेल. तांबड्या रक्तपेशींना विळ्याचा आकार देणारा हा आनुवंशिक दोष मध्य भारतात आहे, हे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शुक्ला व सोलंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांतील आदिवासी जमाती, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाज यांच्यात तो आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची, प्रत्येकाला त्याच्या निकालाचे कार्ड द्यावयाचे, विवाहापूर्वी समुपदेशन करावयाचे आणि २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यावयाचा नाही, असे तिचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट उत्तम आहे. या मोहिमेमुळे विदर्भातील लक्षावधी तरुण-तरुणींच्या हाती त्यांच्या रक्ताची जन्मखूण सांगणारा एक कागद येणार आहे.

हा कागद दोन प्रकारच्या माणसांना मिळतो आणि त्यांच्यात महदंतर आहे. ज्याला आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले तो रुग्ण; त्याला वेदनेचे झटके, रक्तक्षय, वारंवार रुग्णालय हे सारे भोगावे लागते. ज्याला ते एकाकडूनच मिळाले तो केवळ वाहक. तो सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून वाहकाला स्वतःची स्थिती ठाऊक असणे आवश्यक. पण विम्याच्या अर्जात जेव्हा ‘रक्ताचा कोणताही विकार आहे काय?’ असा प्रश्न येतो, तेव्हा वाहकाने काय लिहावे? ‘होय’ लिहिले तर निरोगी माणूस रोग्यांच्या रांगेत जाऊन बसतो. ‘नाही’ लिहिले तर पुढे केव्हा तरी एखादा दावा आला असता त्याच्यावर माहिती लपविल्याचा आरोप येण्याची धास्ती. मोहिमेने दिलेले कार्ड त्याच्या रक्षणासाठी आहे. अर्जाच्या टेबलावर तेच त्याच्या विरुद्धचा पुरावा बनू शकते.

ही भीती काल्पनिक आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने अमेरिकेचा अनुभव पाहावा. तेथे १९७२ मध्ये सिकलसेलच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि कृष्णवर्णीयांच्या तपासण्या सुरू झाल्या. समुपदेशन पुरेसे नव्हते, गोपनीयतेची हमी नव्हती, आणि रुग्ण व वाहक यांतील फरक अनेक अधिकाऱ्यांनाही कळत नव्हता. परिणाम असा झाला की, निरोगी वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, त्यांच्याकडून विम्याचे अधिक हप्ते मागितले गेले; हवाई दलाच्या अकादमीची दारे तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या तपासणीने लोकांच्याच माथी शिक्का मारला. अमेरिकेने २००८ मध्ये आनुवंशिक माहितीच्या आधारे आरोग्य विम्यात व नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा त्याच्या प्रास्ताविक निष्कर्षांत या इतिहासाचा स्पष्ट उल्लेख होता. छत्तीस वर्षांनी सुचलेले ते शहाणपण आपल्याला आजच, फुकट उपलब्ध आहे.

आपल्याकडे या दिशेने काही पावले पडली आहेत, नाही असे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोग्य विम्यातून ‘आनुवंशिक विकार’ सरसकट वगळणारे कलम घटनाविरोधी ठरविले. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणानेही केवळ त्या कलमाच्या आधारे दावे फेटाळू नयेत असे कंपन्यांना कळविले. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळावा, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर अधिक चांगला मार्ग दाखविला आहे. विम्याच्या गणिताचा शास्त्रीय अभ्यास पाठीशी असल्याखेरीज एचआयव्हीबाधिताला विमा नाकारणे वा वेगळी वागणूक देणे हा भेदभाव ठरतो. म्हणजे जोखीम खरोखरच अधिक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. हेच सूत्र सिकलसेलच्या वाहकाला आणि एकूणच आनुवंशिक तपासणीच्या निकालांना लावण्यास कोणती अडचण आहे?

ते लावले नाही तर काय होईल, हे ओळखणे कठीण नाही. कार्डामुळे विमा महागतो, सोयरीक मोडते, नोकरीत शंका घेतली जाते, अशी नुसती वदंता गावात पसरली तरी लोक तपासणीच्या शिबिराकडे पाठ फिरवतील. सुशिक्षित रोगी डॉक्टरांना ‘एवढे केसपेपरवर लिहू नका’ अशी गळ घालतील. म्हणजे गोपनीयता गेली की माणूस सत्य सांगणेच बंद करतो, आणि ज्या परमविश्वासाच्या नावाखाली कंपनी सर्व काही मागते, तोच विश्वास नाहीसा होतो. गोपनीयता राखण्यात अशा रीतीने कंपनीचेही हित आहे.

कागद जातो कोठे?

आता अर्जाच्या पुढील प्रवासाकडे पाहू. बहुतेक अर्ज एजंट भरून घेतो. तो नात्यातला, शेजारचा किंवा शाळेतल्याच सहकाऱ्याच्या घरातला असतो. म्हणून तर आपण त्याच्याकडून विमा घेतो. साखरेचा अहवाल, हृदयाचा आलेख, पत्नीच्या शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड हे सारे त्याच्या मोबाईलवर छायाचित्र काढून पाठविले जाते. वाटेत झेरॉक्सच्या दुकानात त्यांच्या प्रती निघतात. पुढे ते प्रयोगशाळेकडून कंपनीकडे, कंपनीकडून त्रयस्थ प्रशासकाकडे, तेथून संगणकाच्या कोणत्या तरी कोठारात जातात. या प्रत्येक टप्प्यावर प्रामाणिक माणसेच असतात असे मानले, तरी हात किती लागले याची मोजदाद कोणाकडेच नसते.

कोठाराची कुलुपे किती भक्कम आहेत, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेचे चाळीस हजारांहून अधिक अहवाल, त्यांत एचआयव्ही तपासणीचेही अहवाल, इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे उघडे पडलेले आढळले. २०२० च्या आरंभी ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जगभरच्या असुरक्षित वैद्यकीय संगणकांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा भारतात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला लागला. तीन लाखांहून अधिक नोंदी आणि सुमारे सात कोटी क्ष-किरण, सीटी व एमआरआय प्रतिमा, रुग्णांच्या नावांसह, उघड्यावर होत्या. पहिल्या क्रमांकाचा अभिमान बाळगावा असा हा विषय नव्हे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थ या मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती, तिच्यात वैद्यकीय अहवालही होते, टेलिग्रामवरून हवी त्याला मिळत असल्याचे उघडकीस आले. तीन कोटींहून अधिक ग्राहकांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा चोरट्याने केला. आपण सायबर हल्ल्याला बळी पडलो, असे कंपनीने सांगितले आणि ती मद्रास उच्च न्यायालयात गेली. चोराविरुद्ध कंपनीने दाद मागितली, हे योग्यच झाले. ज्यांचे अहवाल गेले त्या ग्राहकांनी कोणाकडे दाद मागावी?

यात सर्वांत विचित्र अवस्था असते ती अर्ज नाकारला गेलेल्या माणसाची. त्याला विमा मिळाला नाही, कंपनीशी त्याचा कोणताही करार झाला नाही. पण त्याचे अहवाल मात्र कंपनीजवळ राहिले. पुढच्या कंपनीच्या अर्जात पुन्हा प्रश्न असतो: ‘यापूर्वी आपला प्रस्ताव नाकारला गेला होता काय?’ पहिल्या कंपनीने कोणत्या अहवालावरून नकार दिला, तो अहवाल बरोबर होता की प्रयोगशाळेत नमुना बदलला होता, हे त्या बिचाऱ्याला पुष्कळदा ठाऊकही नसते.

खासगी कंपन्यांनाच दोष देऊन भागणार नाही. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी शासकीय कर्मचारी वा शिक्षक जेव्हा प्रस्ताव सादर करतो, तेव्हा त्याच्या वा त्याच्या पत्नीच्या आजाराचा सारा तपशील मुख्याध्यापकाच्या टेबलापासून शिक्षणाधिकाऱ्यांच्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयापर्यंत एका साध्या फाईलमधून फिरतो. गर्भाशयाची शस्त्रक्रिया, मनोविकाराचे औषध, मूळव्याध, सारे काही आस्थापना शाखेत सर्वांच्या नजरेखालून जाते. त्रुटी काढून फाईल परत आली की पुन्हा एकदा जाते. बिल तपासण्यासाठी रकमा व प्रमाणपत्र पाहणे अवश्य आहे. पण निदानाचा तपशील बंद लिफाफ्यात केवळ वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे जावा, एवढी व्यवस्था करण्यास कोणता मोठा खर्च येणार आहे? आपल्यापैकी अनेकजण या टेबलांच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत. सुधारणेचा आरंभ तेथूनही होऊ शकतो.

कायदा काय देतो, काय देत नाही

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या नऊंमध्ये नागपूरचे सुपुत्र आणि पुढे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती शरद बोबडे होते व त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिले, ही गोष्ट या शहराने विसरू नये. त्यापूर्वी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका एचआयव्हीबाधित कामगाराला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली आणि त्याची नोकरी वाचविली. न्याय मागण्यासाठी गुपिताचा त्याग करावा लागू नये, ही त्या आदेशामागील दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

या निर्णयांच्या मागोमाग कायदा आला तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी आणखी अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ ची, मुदत ठरविण्यात आली. या कायद्यात चांगले पुष्कळ आहे. संमती मोकळी, विशिष्ट, समजून उमजून दिलेली आणि सांगितलेल्या हेतूस आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, असे तो सांगतो. संमतीचा मजकूर इंग्रजीत वा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, मागता येईल. संमतीच्या मर्यादा समजावून देताना या कायद्याने दिलेले एक उदाहरण विमा घेणाऱ्या स्त्रीचेच आहे, ही बाब सूचक आहे. ‘केव्हाही, कोणत्याही डॉक्टरकडून’ ही मोघम संमती या कसोटीवर कशी उतरणार, याचा विचार कंपन्यांनी आतापासूनच केलेला बरा.

पण उणिवाही तितक्याच ठळक आहेत. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ माहिती मानल्या होत्या, न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनेही २०१८ मध्ये आरोग्याच्या माहितीला तोच दर्जा देणारा मसुदा सुचविला होता. नव्या कायद्याने हा वर्गच काढून टाकला. त्यामुळे माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याचा कर्करोगाचा अहवाल कायद्याच्या नजरेत एकाच पंक्तीला बसले. दुसरे असे की, माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे खरी. पण तो दंड जातो सरकारी तिजोरीत. नुकसानभरपाई मागण्याचा जो मार्ग जुन्या कायद्यात होता, तोही नव्या कायद्याने बंद करावयाचे ठरविले आहे. ज्याचे गुपित फुटले त्याच्या हाती एक रुपयाही नाही, हा कोणता न्याय?

‘ज्याने काही लपवावयाचे नाही त्याने भिण्याचे कारण काय?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो वरवर बिनतोड वाटतो. परंतु लपविणे वेगळे आणि राखणे वेगळे. आपण घराला दार लावतो ते आत चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. वैद्याने रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, हा उपदेश चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षेच्या वेळीच केलेला आहे. आपल्या परंपरेने वैद्याची विद्या आणि वैद्याचे मौन एकत्रच शिकविले. विम्याची सही मात्र ते मौन मोडण्याचा परवाना एका झटक्यात मिळविते.

यातील विसंगती अशी की, जो कागद कंपनीला सहज मिळतो तोच रोग्याला मिळता मिळत नाही. रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. गोपनीयतेची सबब सांगून रुग्णाला वा त्याच्या नातलगांना कागदपत्रे नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच बजावले आहे. तरीही डिस्चार्जनंतर आपलीच फाईल मिळविण्यासाठी नोंदणी कक्षाच्या खिडकीपुढे किती हेलपाटे घालावे लागतात, हे ज्याने घातले त्यालाच ठाऊक.

करावयाचे काय?

मागण्या अवास्तव नाहीत. संमतीपत्रात कोणता आजार, कोणता कालावधी आणि कोणते रुग्णालय हे स्पष्ट लिहिलेले असावे. कंपनीने अर्जदाराविषयी जो कागद मिळविला त्याची प्रत त्याला द्यावी आणि चूक असल्यास दुरुस्तीची संधी द्यावी. अर्ज नाकारल्यास कारण लेखी कळवावे व ठरावीक मुदतीनंतर त्याचे अहवाल नष्ट करावेत. केवळ वाहक असल्याची माहिती व अन्य आनुवंशिक तपासण्यांचे निकाल विचारण्यास विमा नियामकाने मनाई करावी आणि सिकलसेलच्या कार्डावरच ‘वाहक हा रुग्ण नव्हे’ असे ठळक मराठीत छापावे. प्रकृतीची माहिती एजंटाच्या मोबाईलवरून न जाता थेट कंपनीकडे जाईल अशी सोय करावी. आणि गुपित फुटलेल्या माणसाला भरपाईचा हक्क संसदेने परत द्यावा.

यापलीकडे एक मूलभूत गोष्ट आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली राज्याची जन आरोग्य योजना, तसेच २०१८ ची केंद्राची आयुष्मान भारत योजना, यांत लाभार्थी ठरताना कोणी कोणाच्या रक्ताची चौकशी करीत नाही. आधीपासूनच्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. जोखीम जितक्या अधिक माणसांत वाटली जाते, तितकी एकेका माणसाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याची गरज कमी होते, असा याचा अर्थ आहे. या योजनांत रुग्णालयांच्या व दराच्या तक्रारी पुष्कळ असतील. पण या एका बाबतीत त्यांनी दाखविलेली वाट योग्य आहे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. कोऱ्या अर्जावर सही करू नये. प्रत्येक प्रश्न स्वतः वाचावा, समजला नाही तर मराठीत मागावा, विचारले त्याचे खरे व पूर्ण उत्तर द्यावे, रकाना रिकामा ठेवू नये, आणि भरलेल्या अर्जाची प्रत पॉलिसीबरोबर जपून ठेवावी. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते आणि सलग साठ महिने ती चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या कारणावरून तिला आव्हान देता येत नाही, हे नियम लक्षात असू द्यावेत.

१९८६ मध्ये मेडिक्लेम पॉलिसी आली तेव्हा कागद लोखंडी कपाटात राहात असे आणि कपाटाला एक किल्ली होती. आता तो क्षणात हजार ठिकाणी जाऊ शकतो. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचाऱ्यांच्या एका निवेदनापासून निघालेला कराचा विषय वर्षभराच्या चर्चेनंतर तडीस गेला. शिक्षकांच्या, कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या संघटनांनी संमतीपत्रातील या दोन ओळींसाठीही तसेच एक निवेदन विमा नियामकाकडे धाडावे. मागणी साधी आहे: आमच्याकडून सत्य घ्या, पण लागेल तेवढेच घ्या, आणि घेतलेले नीट सांभाळा.